सोनोग्राफीत व्हेरिकोसील निघालं, आता?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३१, पत्नीचं २७. लग्नाला ४ वर्षं झाली, पण दिवस राहिले नाहीत. इतकी वर्षं पत्नीच्याच तपासण्या आणि गोळ्या चालू होत्या. तिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदाच माझी तपासणी झाली. शुक्रजंतू एका मिलिलिटरमध्ये ९० लाख, हालचाल २२ टक्के. सोनोग्राफीत डाव्या बाजूला व्हेरिकोसील (वृषणाच्या फुगलेल्या शिरा) निघालं. मी साखर कारखान्यात बॉयलरवर आहे. ड्यूटी संपता संपता खाली जड वाटतं, आडवं झालं की बरं वाटतं. एक डॉक्टर म्हणतात लगेच ऑपरेशन करा, दुसरे म्हणतात सरळ टेस्ट ट्यूब बेबी करा. ऑपरेशननं पुरुषत्व जाईल अशीही भीती वाटते. काय करू?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : भीतीचं आधी बोलू. या ऑपरेशनात पुरुषत्वाला धक्का लागत नाही. ताठरता, इच्छा, वीर्यपतन सगळं पूर्वीसारखंच राहतं. ही नसबंदी नव्हे. नसबंदीत शुक्रजंतूंची नळी कापतात, इथे त्या नळीला हातही लावायचा नसतो. बांधायच्या असतात त्या फक्त फुगलेल्या शिरा.

या शिरा वृषणातलं रक्त वर नेतात. डावी शीर लांब असते आणि मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. उजवी पोटातल्या महाशिरेला तिरकी मिळते. म्हणून व्हेरिकोसील बहुतेक वेळा डावीकडेच सापडतं. शिरांच्या झडपा कमजोर झाल्या की रक्त उलटं खाली येतं, साचतं आणि शिरा फुगतात. उभं राहिलं की गांडुळांची गुंतवळ हाताला लागावी, तसं लागतं. शुक्रजंतू नीट तयार व्हायला वृषण शरीरापेक्षा २ ते ३ अंश सेल्सिअस थंड लागतात. तिथे कोमट रक्त साचून राहिलं की दोन्ही बाजूंचं काम बिघडू शकतं.

बॉयलरमुळे व्हेरिकोसील होत नाही. पण तासन्‌तास धगीसमोर काम केलं तर शुक्रजंतू आणखी घटू शकतात. साहेबांशी बोलून काही महिने दुसऱ्या खात्यात ड्यूटी मिळाली तर जरूर घ्या. तंबाखू खात असाल तर थांबवा. आणि जिममध्ये कुणी ताकदीचं म्हणून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देत असेल तर अजिबात घेऊ नका; त्यानं शुक्रजंतू शून्यावर येऊ शकतात.

आता निर्णयाचं. मला सोनोग्राफीच्या कागदापेक्षा हाताची तपासणी महत्त्वाची वाटते. तुमच्या पत्रात एकाही डॉक्टरनं तुम्हाला उभं करून तपासल्याचा उल्लेख नाही. उबदार खोलीत, उभं राहून, श्वास रोखून जोर करायला लावून तपासायचं असतं. दोन्ही वृषणांचा आकारही त्याच वेळी पाहतात. हाताला काहीच लागत नाही, नुसतं सोनोग्राफीत दिसतं, अशा व्हेरिकोसीलचं ऑपरेशन करून उपयोग होत नाही. तरीही ते सुचवलं जातं, याचा मला खरंच राग येतो. साधारण शंभरात पंधरा पुरुषांना व्हेरिकोसील असतं आणि त्यातल्या बहुतेकांना मुलं होतात.

वीर्य तपासणीही एकदा करून भागत नाही. २ ते ७ दिवस संबंध न ठेवता नमुना द्या. शक्यतो लॅबमध्येच द्या, सगळा द्या. पहिला भाग सांडला तर सांगा, कारण जास्त शुक्रजंतू त्यातच असतात. मागच्या तीन महिन्यांत मोठा ताप आला असेल तर तेही सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा मिलिलिटरला १ कोटी ६० लाख आणि एकूण हालचाल ४२ टक्के अशी आहे. तुमचे आकडे त्याखाली आहेत. दुसराही रिपोर्ट असाच आला आणि शिरा हाताला लागल्या, तर पत्नीचं वय २७ असताना मी ऑपरेशनच्या बाजूचा आहे. ती ३८ वर्षांची असती किंवा तिच्या नळ्या बंद असत्या, तर मीही वाट पाहायला सांगितलं नसतं.

ऑपरेशन मायक्रोस्कोपखाली करणाऱ्याकडे करा. जांघेजवळ छोटा छेद घेतात. रोहिणी (वृषणाला रक्त पुरवणारी नळी) आणि लसिकावाहिन्या (अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) वाचवून शिरा बांधतात. मायक्रोस्कोपखाली असं केलं की पुढे वृषणाभोवती पाणी भरण्याचा आणि आजार उलटण्याचा धोका कमी होतो. बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात, पण काही आठवडे जड उचलायचं नाही. नवा शुक्रजंतू तयार व्हायला जवळजवळ अडीच महिने लागतात, म्हणून तपासणी तीन महिन्यांनी करा. त्याआधी केली तर उगाच निराशा पदरी येते. बऱ्याच जणांची संख्या आणि हालचाल सुधारते, दिवस मात्र सगळ्यांनाच राहतात असं नाही. वर्षभर वाट पाहा, मग टेस्ट ट्यूबचा मार्ग आहेच.

एक विनंती. घरात पत्नीला काही बोललं जात असेल, तर आपला रिपोर्ट आईवडिलांसमोर तुम्ही स्वतः ठेवा. इतकी वर्षं तिनं विनाकारण औषधं घेतली. मूल राहत नसेल तर पहिल्याच भेटीत नवऱ्याचीही तपासणी व्हायला हवी. ती सोपी आहे, स्वस्त आहे आणि सुईसुद्धा लागत नाही.

प्रश्न : वय १९. सैन्यभरतीच्या मेडिकलमध्ये व्हेरिकोसील म्हणून अनफिट केलं. दुखत नाही. ऑपरेशन केलं नाही तर पुढे मूल होणार नाही का?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : तसं मुळीच नाही. तुझ्यापुढे दोन वेगळे प्रश्न आहेत. भरतीसाठी ऑपरेशन करायचं असेल तर ते भरतीचं कारण आहे; नियम भरती कार्यालयातून लेखी समजून घे आणि जखम भरायला पुरेसा वेळ ठेवून तारीख ठरव. मुलाबाळांसाठी मात्र दोन्ही वृषणांचा आकार मोजून घे. डावं उजव्यापेक्षा २० टक्क्यांहून लहान असेल किंवा वीर्य तपासणीत दोष असेल, तर ऑपरेशनचा विचार करावा. दोन्ही ठीक असेल तर दर वर्षी एकदा दाखव. आडवं झाल्यावरही शिरांची गाठ उतरत नसेल, किंवा फुगवटा फक्त उजवीकडे असेल, तर पोटाची सोनोग्राफी लगेच करून घे. क्वचित मूत्रपिंडाजवळची गाठ शीर दाबत असते.