वाचकांचे प्रश्न : देवाला निवडलेलं की उरलेलं?

प्रश्न : यावल तालुक्यात आमची केळीची बाग आणि थोडा कापूस आहे. व्यापारी चांगले घड घेऊन गेला की मागे राहिलेल्यातला एक आम्ही कापणीच्या सणाला मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अर्पण करतो. यंदा डोक्यावर कर्जही आहे. असं अर्पण चालतं का?

उत्तर : कर्जामुळे थोडं देणं वेगळं आणि मागे राहिलेलं देणं वेगळं. थोडं देण्यात काहीच कमीपणा नाही. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात पापार्पणासाठी मेंढरू परवडत नसेल त्याला दोन होले किंवा कबुतरांची दोन पिलं सांगितली आहेत. तेही जमत नसेल तर एफाचा दहावा हिस्सा सपीठ, म्हणजे साधारण दोन-सव्वादोन लिटर माप. बाळ येशूला मंदिरात नेलं तेव्हा योसेफ आणि मरीया यांनीही पक्ष्यांचंच अर्पण केलं (लूक २:२४). त्यामुळे सावकाराकडून उचल घेऊन अर्पण करू नका. जे आहे त्यातूनच द्यावं, असं प्रेषित पौल २ करिंथ ८:१२ मध्ये स्पष्ट सांगतो.

बायबलमधल्या मलाखी संदेष्ट्याचा राग गरिबांवर नव्हता. कळपात धडधाकट नर असताना आंधळं, लंगडं जनावर निवडून वेदीवर आणणाऱ्यांवर होता. तुमच्या बाबतीतही अडतं ते निवडीच्या वेळी. म्हणून व्यापाऱ्याची गाडी येण्याआधी बागेत एक फेरी मारा, भरलेला घड निवडा आणि दांड्याला कापडाची चिंधी बांधून तो राखून ठेवा. अख्खा घड झेपत नसेल तर चांगल्या घडाची एक फणी द्या. पिकायला काही दिवस लागतात, तेवढे हाताशी ठेवून कापा. थंडीत तापमान १३ अंशांच्या खाली गेलं की साल काळपट पडते आणि केळी नीट पिकत नाहीत. घड उघड्यावर ठेवू नका, घरात झाकून ठेवा. घाईने कार्बाइड तर मुळीच वापरू नका. त्यावर कायद्यानेच बंदी आहे आणि ती केळी मंडळीतलीच मुलं खाणार आहेत.

कापूस दव उडाल्यावर वेचलेला द्या, कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, आधीच बाजूला काढा. ओला कापूस पोत्यात दाबला तर आतून तापतो आणि पिवळा पडतो.

मंडळीत अर्पणाचा लिलाव होत असेल तर बोली लावणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. देवाला वाहिलेला माल पडत्या भावात घरी नेला तर देणाऱ्याचं अर्पण घटतं.

प्रश्न : आम्ही नवापूर भागातली तरुण मुलं उपासनेत गाणी घेतो. वादक चांगले आहेत, पण लोक दोन कडव्यांनंतर गप्प होतात.

उत्तर : बहुधा पट्टी उंच आहे. गाणाऱ्याच्या गळ्याला शोभणारी पट्टी सभेला झेपतेच असं नाही. चाल तार षड्जापर्यंत, म्हणजे वरच्या सा पर्यंत, चढत असेल तर पेटीवरची काळी एक किंवा पांढरी दोन धरा. त्याहून वर जात असेल तर आणखी खाली या.

दुसरं तबल्याचं. आपल्याकडच्या मे महिन्यात चामडं ताणलं जाऊन सूर चढतो, पावसाळ्यात तो उतरतो. पेटीचा सूर मात्र जागचा हलत नाही. वीस मिनिटं आधी या. मोठा फरक गठ्ठ्यांवर (वादीखालच्या लाकडी ठोकळ्यांवर) काढा, बारीक फरक गजऱ्यावर (चामड्याच्या कडेच्या वेणीवर). लोक बसल्यावर ठोकाठोकी सुरू झाली की प्रार्थनेत आलेलं मन उडून जातं.

गाणी शनिवारी रात्री ठरवू नका. बुधवारपर्यंत उपदेशाचा उतारा मागून घ्या आणि त्याला धरून चार निवडा. नवीन एकच, तेही दोन-तीन रविवार सलग. ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ती भक्ती अभंग-ओवीच्या वळणात आणली. ते वळण सभेच्या तोंडी लवकर बसतं, रेकॉर्डिंगमधून उचललेल्या चाली बसत नाहीत. शेवटच्या कडव्याला वाद्यं थांबवून पाहा. लोकांचा आवाज ऐकू आला तर गाणं त्यांचं झालं आहे.

प्रश्न : घरी अहिराणी बोलतो. मंडळीत शुद्ध मराठीत प्रार्थना करताना शब्द अडतात. काय करावं?

उत्तर : अहिराणीतच करा. शास्त्रवाचन मात्र आदल्या दिवशी तीन वेळा मोठ्याने वाचून या आणि अडणाऱ्या नावांखाली पेन्सिलीने रेघ ओढून ठेवा.