तुझा सातवा प्रश्न

सांगली, रविवार

चिरंजीव,

तुझी प्रश्नावली दोनदा वाचली. सातव्या प्रश्नाशी अडलो. ‘सरकारी कारभारात फक्त मराठीच असावी का?’ विश्रामबागच्या चौकात उभा राहून विचारलंस तर जो तो ‘हो’ म्हणेल. मीही म्हणेन. मग तू प्रबंधात लिहिणार की भाषिक निर्बंधांना भरघोस पाठिंबा आहे. पण तो ‘हो’ मराठीसाठी होता, की दुसऱ्या कुणाची भाषा बंद करण्यासाठी? तुझ्या कागदावरून ते कळत नाही.

कॅलिफोर्नियात १९८६ साली इंग्रजीला राजभाषा करण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला आणि जवळपास ७३ टक्के मतं बाजूनं पडली. जॅक सिट्रिन आणि इतर अभ्यासकांनी असा पाठिंबा तपासला, तेव्हा पोटापाण्याच्या धास्तीपेक्षा ‘आपण अमेरिकन म्हणजे कोण’ ही भावना त्यामागे जास्त दिसली. हे तुला वाचून माहीत आहेच. आता ते आपल्या मातीत घासून बघ.

विट्याला जा. तिथले गलाईवाले सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेत, तामिळनाडूतही. तिथं २००६च्या कायद्यानं शाळेत तमिळ शिकणं सक्तीचं झालं. इकडे २०२०च्या कायद्यानं मराठी. दोन भाऊ असतील, एक घरी, एक कोइमतूरला, तर दोघांना एकच प्रश्न विचार आणि उत्तरं शेजारी ठेव. माझा अंदाज सांगत नाही, नाहीतर तू तोच शोधत बसशील.

शिवाय ‘आपली भाषा शिकवा’ आणि ‘तुमची बंद करा’ हे दोन प्रश्न वेगळे ठेव. सिंहली एकटीच राजभाषा हा श्रीलंकेचा १९५६चा कायदा यातल्या दुसऱ्या प्रकारातला. तमिळला ते स्थान मिळायला १९८७ उजाडलं, आणि मधल्या काळात काय झालं ते सांगायला नको.

माझीच एक गोष्ट सांगतो. सरकारी नोकरीत असताना कर्नाटकच्या सीमेलगतच्या जतच्या बाजूचा एक म्हातारा खिडकीशी आला. धोतर, हातात चार घड्या घातलेला कानडी अर्ज. मी कागद न उघडताच म्हणालो, “मराठीत आणा.” तो गेला. दुपारी एका पोराला घेऊन परत आला आणि तोच मजकूर मराठीत मला वाचून दाखवला. उताऱ्यावर वारसाचं नाव लावायचं होतं, दहा मिनिटांचं काम. माझ्या टेबलाशेजारचा शिपाई मिरजेचा, कानडी अस्खलित बोलणारा. त्याला हाक मारायचं माझ्या मनातही आलं नाही. मला कुणी नियम दाखवला नव्हता. पण त्या दिवशी तुझी प्रश्नावली समोर आली असती, तर मी सातव्यावर ठसठशीत ‘हो’ लिहिलं असतं आणि तू मला मराठीप्रेमी रकान्यात टाकलं असतंस.

म्हणून सातवा तोड. पहिला भाग: मराठी सगळ्यांना यायला हवी का? दुसरा: जत तालुक्यातल्या कानडी शाळा चालू राहाव्यात का? दुसऱ्यावर माणूस थांबला तर थांबू दे, तू पेन्सिल हलवू नकोस. किती वेळ थांबला तेवढं समासात टिपून ठेव.

जतसाठी कागद कानडीत छापून घे. भाषांतर गूगलवर टाकून मोकळा होऊ नकोस. त्या शिपायाचा मुलगा आता मास्तर आहे, त्याला विचारून ठेवलंय. बुधवारनंतर केव्हाही ये.

तुझा,
काका