गोठ, म्हणजे गोठा नव्हे

तुम्ही विचारलंय की असा एखादा शब्द सांगा जो फारसा कुणाला माहीत नाही पण ऐकला की तुम्हाला लहानपण आठवतं. माझा शब्द आहे गोठ.

मी ग्वाल्हेरची, नीट सांगायचं तर तिथल्या लष्कर नावाच्या भागातली. आमच्याकडे जुन्या वस्त्यांची नावं चिटनीस की गोठ, महाडिक की गोठ अशी आहेत, मराठी घरातसुद्धा तशीच म्हणतात. पुण्याला शिकायला आले तेव्हा होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात मी सहज म्हटलं की आमच्या गोठीत गणपती बसतो, तर एका रूममेटला वाटलं गोठ्यात, आणि दुसरी म्हणाली गोठ म्हणजे ते पाटल्यांबरोबर घालतात तेच ना. दोघींचं बरोबरच होतं. पण मला त्या रात्री फार एकटं वाटलं, स्वतःच्या घरच्या पत्त्यातला शब्द मराठी माणसालाच समजावून सांगायचा म्हणजे काय.

आणि खरं तर हा शब्द तुम्ही पेपरात रोज वाचता. विरोधकांच्या गोटात खळबळ, अमक्याच्या गोटात आनंद, तो गोट. गोट म्हणजे सरदाराचा तळ, तंबू, घोडी, माणसं, चुली सगळं आलं त्यात. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी उज्जैन सोडून ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली फौजेचा तळ दिला आणि तो तळ परत उठलाच नाही. लष्कराचा तळ म्हणून गावाचंच नाव लष्कर पडलं, आणि आत ज्या सरदाराची माणसं जिथे राहिली ती त्याची गोठ. तंबूंच्या जागी वाडे झाले, हिंदीच्या शेजारात ट चा ठ झाला आणि तो गोट ची ती गोठ झाली, मला तरी हे असंच झालेलं दिसतं. कंपूचंही तेच आहे बघा, महादजी शिंद्यांनी डी बॉयन या युरोपीय सेनाधिकाऱ्याकडून कवायती पलटणी तयार करून घेतल्या त्यांच्या मोठ्या तुकडीला कंपू म्हणायचे, महाराष्ट्रात आता कंपू म्हणजे मित्रांचं टोळकं आणि आमच्याकडे टेम्पोवाला बाड्यावर, म्हणजे लष्करच्या मुख्य चौकात, उभा राहून कंपू कंपू कंपू ओरडतो ती चांगली मोठी वस्ती. आपटे की पायगा आहे, पायगा म्हणजे घोड्यांची पागा. जिन्सी नाला आहे, जिन्सी म्हणजे तोफखाना. लहानपणी ही नुसती टेम्पोच्या रस्त्यातली नावं होती, अख्खी फौज त्यात उभी आहे हे कळायला मला पंचविशी गाठावी लागली.

माझी आज्जी सांगलीहून लग्न होऊन आली होती आणि ती शेवटपर्यंत गोटच म्हणायची. उन्हाळ्यात संध्याकाळी लाइट जायची, रोजचंच होतं ते, आणि आम्ही बारातेरा पोरं चौकात लपाछपी खेळत असायचो, काही मराठी काही हिंदी, अंधार पडला की ती कंदील घेऊन दिंडी दरवाज्यात यायची आणि हाक मारायची "चला रे गोटात!" घरात या असं कधी म्हटलेलं मला आठवतच नाही. शेजारची हिंदी बोलणारी पोरंही त्या हाकेला धावत यायची, कारण तिने हाक मारली म्हणजे तव्यावर थालीपीठ आहे हे सगळ्यांना माहीत. कंदिलाच्या उजेडात ती आम्हाला मोजायची, एक, दोन, तीन, डोक्याला हात लावत, आणि एखादं कमी भरलं तर परत चौकात जायची. आज टीव्हीवर कुणी "सत्ताधाऱ्यांच्या गोटात" म्हटलं की बातमी काय ते मला ऐकूच येत नाही, डोक्यावरून तो हात फिरतो.

तिच्या बहिणीची सांगलीहून इनलँड पत्रं यायची त्यावर ट असायचा, आणि आमचे पोस्टमनकाका न विचारता आणून द्यायचे. शाळेत एकदा पत्रलेखनात मीही गोट लिहिलं तर बाईंनी लाल पेनाने ठ केला. आज्जीने ती वही बघितली, बोलली काही नाही, फक्त निळ्या पेनाने बाजूला बारीकसा ट लिहून ठेवला. ती वही माझ्याकडे आहे अजून.

वाडा तीन वर्षांपूर्वी विकला, तिथे आता चार मजली बिल्डिंग आहे, चौक नाही, दिंडी नाही. आईबाबा सिटी सेंटरला फ्लॅटमध्ये राहतात. आईच्या आधार कार्डावर पत्ता मात्र गोठीचाच आहे, बँकेत त्यावरून अडतं, म्हणून या दिवाळीत मी फॉर्म भरायला बसले, नवीन पत्ता अर्धा लिहूनही झाला होता, तर आई म्हणाली राहू दे गं, पुढच्या वेळी आलीस की करू.