हिशेब न मागितलेली माणसे

इमानेइतबारे काम करूनही आपण कोणाच्या खिजगणतीत नाही, ही तक्रार माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येते, आणि तिच्या तळाशी बहुधा एक शंका दबून असते: माणसे पाहत नाहीत हे ठीक, पण देव तरी पाहतो का? ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून त्यांपैकी एका बाईंची हकिकत येथे सांगतो.

बाई एका रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागात शस्त्रक्रियेच्या उपकरणांचे संच बांधत असत. संचाबाहेरच्या चिकटपट्टीवरील रेघा वाफेच्या यंत्रात काळ्या पडतात. परंतु त्यावरून संच यंत्रातून जाऊन आला एवढेच कळते. वाफ आतपर्यंत पोचली का, हे आत ठेवलेली निदर्शक पट्टी सांगते. बाई ती प्रत्येक संचात न चुकता घालत. घाईच्या वेळी काही सहकारी ती गाळत आणि बाहेरच्या काळ्या रेघांवर निभावून नेत. बढती त्यांच्यापैकीच एकीला मिळाली.

पहिल्या काही भेटी रागातच गेल्या, आणि तो मी अडवला नाही. मग विचारले, "उद्यापासून तुम्हीही पट्टी घालणे सोडले तर?"

"कोणालाच कळणार नाही."

"मग सोडा की."

त्या चमकल्या. "असे कसे सोडू? तिथे टेबलावर माणूस असतो!"

त्या एका वाक्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो, कारण तोवरच्या सगळ्या बोलण्यात त्या माणसाचा उल्लेख एकदाही झाला नव्हता. कोणी कधी पट्टी गाळली याची त्या घरी वहीत नोंद ठेवत, पण ती वही कोणाला दाखवण्यासाठी नव्हती, रात्री उगाळण्यासाठी होती. त्यांचा प्रामाणिकपणा रुग्णाची सेवा न राहता सहकाऱ्यांविरुद्धचा पुरावा झाला होता. कौतुकापेक्षा कामाचा अर्थ माणसाला अधिक तारतो असे मी मानत आलो आहे, आणि तो अर्थ मी न सांगता त्यांच्याच तोंडून निघाला याचे समाधान मी लपवत नाही.

पुढच्या भेटीत आम्ही बायबलमधील '2 राजे' या पुस्तकाचा अध्याय 12 वाचला. योवाश राजाच्या काळी मंदिराच्या दुरुस्तीचा पैसा ज्यांच्या हाती दिला जाई, त्यांच्याकडे हिशेब मागितला जात नसे, कारण ते विश्वासूपणे वागत. त्यांच्यापैकी एकाचेही नाव तेथे दिलेले नाही.

मात्र विश्वासूपणा म्हणजे मुकाट्याने सोसणे, असा अर्थ कोणी काढू नये. जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून करा, हे बायबलमधीलच कलस्सैकरांस पत्रातील वचन (3:23) दासांना उद्देशून आहे, आणि लगेच पुढे, 4:1 मध्ये, धन्यांनाही न्यायाने व समतेने वागण्याची आज्ञा आहे. उपदेश करताना ही दुसरी बाजू सहसा वगळली जाते. म्हणून बढतीविषयी विचारण्यात अविश्वास नाही, आणि रुग्णाला धोका पोचेल अशी चूक वरिष्ठांना कळवण्यात चहाडी नाही. फक्त या दोन गोष्टींसाठी वरिष्ठांना वेगवेगळी पत्रे लिहावीत; एकात घातली की सूड डोकावतो.

बाईंनी तसेच केले. संच उघडताना आतली पट्टी पाहून नोंदवहीत सही करण्याचा नियम आता तेथे लागू झाला आहे. बढतीच्या अर्जाला अद्याप उत्तर नाही. त्याचे लेखी स्मरणपत्र द्यावे, असे मी त्यांना सुचवले आहे.