आठ वर्षांच्या मुलासाठी घरात आणि मैदानात दोन्हीकडे चालेल अशी रिमोटची गाडी कोणती घ्यावी?

दोन्हीकडे चालवायची असेल तर १:१६ स्केलची (म्हणजे खऱ्या गाडीच्या सोळाव्या भागाएवढी), मोठ्या रबरी चाकांची गाडी बघा. १:२४ ची गाडी सोफ्याखालूनही आरामात वळते, पण मैदानातल्या खडीत तिचं पोट टेकतं आणि चाकं जागच्या जागी फिरत राहतात. १:१० ची गाडी हातभर लांब. ती फ्लॅटमध्ये भिंतींचे पोपडेच काढेल.

टायर मात्र हाताने दाबून बघाच. कडक प्लास्टिकचे असतील तर गुळगुळीत फरशीवर गाडी घसरत जाते.

रिमोट २.४ गिगाहर्ट्झ या रेडिओ फ्रिक्वेन्सीचाच घ्या. जुन्या पद्धतीच्या २७ मेगाहर्ट्झवाल्या दोन गाड्या शेजारी चालल्या की एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची गाडी पळू शकते, आणि सोसायटीच्या आवारात त्यावरून भांडणं ठरलेली. ट्रिगर थोडा दाबला की हळू, पूर्ण दाबला की सुसाट, अशी वेग कमी-जास्त करण्याची सोय हवीच. नाहीतर घरात ती सतत कपाटावर आदळेल.

या आकाराच्या बऱ्याच गाड्या एका चार्जिंगमध्ये १५-२० मिनिटंच चालतात, म्हणून जादा बॅटरी घ्या. खेळून झाल्यावर बॅटरी गार होऊ द्या, मगच चार्जिंगला लावा. आणि एक्सलमध्ये (चाकं जोडणाऱ्या दांड्यात) केस, दोरे अडकलेत का तेही बघा. मोटर त्यानेही जास्त तापते.