लक्ष्यवेध नव्हे, लक्ष्यभेद

प्रश्न असा आला आहे: 'ट्रॅप नेमबाजीच्या बातमीत "१२५ पैकी ११८ गुण" असं वाचलं. रायफलच्या नेमबाजीत एका गोळीला १०.९ पर्यंत गुण मिळतात, मग इथे हिशोब कसा? आणि याला लक्ष्यवेध म्हणावं की लक्ष्यभेद? अर्थ एकच ना?'

एकच नाही. शब्दकोश हे दोन शब्द एकमेकांसमोर ठेवून मोकळे होतात, आणि वर्तमानपत्रं तर त्याहून मोकळी. पदक आलं की मथळा ठरलेला: 'सुवर्णवेध'. हातात पिस्तूल असो, धनुष्य असो की छऱ्यांची बंदूक, सगळ्यांना एकच शिक्का. वर एखादा उत्साही बातमीदार 'अचूक गोळी मध्यबिंदूवर' असंही ठोकून देतो. अहो, ट्रॅपमध्ये गोळी नसते आणि मध्यबिंदूही नसतो. एका काडतुसात एकूण २४ ग्रॅम वजनाचे शेकडो छर्रे असतात, आणि समोर कागद नसतो, तर हवेत भिरकावलेली ११० मिलिमीटर व्यासाची तबकडी असते.

आता वेध म्हणजे काय? मूळ धातू व्यध्, म्हणजे टोचणे, भोक पाडणे. कर्णवेध म्हणजे कान टोचणे. ग्रहणाचे वेध आणि वेधशाळा सध्या बाजूला ठेवा. भेद मात्र भिद् पासून, म्हणजे फोडणे, तुकडे करणे. रायफलवाला कागदाला भोक पाडतो; ते भोक मध्यापासून किती दूर यावर त्याचे गुण. तो वेध. ट्रॅपवाल्याला तबकडी फोडावी लागते. पंचाला एक तरी तुकडा उडालेला दिसला तर गुण एक, नाही दिसला तर शून्य. साडेनऊ नाही, पावणेदहा नाही. एकच छर्रा लागून टवका उडाला तरी एक, आणि पन्नास छर्रे लागून भुगा झाला तरी एकच. नुसती धूळ उडाली आणि तुकडा सुटला नाही, तर शून्य. यातली गंमत पुढे आहे. छर्रा तबकडीतून आरपार गेला, भोक पडलं, पण तबकडी अखंड जमिनीवर उतरली, तर? शून्य! नंतर मैदानातून ती उचलून आणून 'हे बघा भोक' असं दाखवायची सोय नियमांनी ठेवलेलीच नाही. म्हणजे या खेळात वेध होऊनही गुण मिळत नाही. भेद व्हावा लागतो. इतका स्वच्छ फरक खेळानेच करून दिलेला असताना आपण दोन्ही शब्द एकाच पोत्यात का भरतो?

यावर लगेच कुणीतरी 'शब्दवेधी' आणि 'शब्दभेदी' हे दोन्ही बाण माझ्यावर सोडणार. संस्कृतात दोन्ही चालतात, मान्य. काव्यात काय चालतं आणि गुणपत्रकावर काय चालतं या वेगळ्या गोष्टी आहेत. व्युत्पत्तीचे जाणकार म्हणवणाऱ्यांनी 'पर्यायी शब्द' असा शेरा मारून पुढे सरकणं हा आळस आहे.

१२५ चा हिशोब सोपा आहे. २५ तबकड्यांची एक फेरी, अशा पाच फेऱ्या. ट्रॅपच्या पात्रता फेरीत एका तबकडीवर दोन बार काढता येतात. पहिला चुकला आणि दुसऱ्याने फुटली तरी पूर्ण गुण. स्कीट या तबकड्यांच्याच दुसऱ्या प्रकारात तबकडीमागे एकच बार. ट्रॅपच्या अंतिम फेरीतही एकच. अंतिम फेरीचं गणित लोकांना सर्वांत जास्त चकवतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या ट्रॅपचे आकडे होते ४८, ४४ आणि ३५. हे वाचून पुष्कळांना वाटलं की ग्वाटेमालाच्या ज्याँ पिएर ब्रोलला कांस्य फुकटात मिळालं. तसं नाही. सहा जण उतरले, २५ तबकड्यांनंतर सहावा बाहेर, मग दर पाच तबकड्यांनंतर एकेक गळती. तिसरा ४० तबकड्यांवर थांबला, उरलेले दोघे ५० पर्यंत गेले. त्यामुळे ब्रोलचे ३५ हे ४० पैकी होते, ब्रिटनच्या नेथन हेल्सचे ४८ हे ५० पैकी. बातमीत 'पैकी' लिहिलं नाही की आकडा खोटं बोलायला लागतो. पूर्वी तर पात्रतेचे गुण अंतिम फेरीत मिळवत. २००४ साली अथेन्समध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपचं (एका वेळी दोन तबकड्या) रौप्य जिंकलं ते १७९ गुणांवर, म्हणजे पात्रतेचे १३५ अधिक अंतिमचे ४४. नंतर अंतिम फेरी शून्यापासून सुरू होऊ लागली, आणि डबल ट्रॅप हा प्रकार २०१६ नंतर ऑलिंपिकमधून गेलाच.

आता माझ्या आवडीचं. या खेळात चुकलेल्या तबकडीला पंच 'लॉस्ट' म्हणतो, आणि यंत्रातून फुटकी तबकडी आली की पुष्कळ ठिकाणी अजून 'नो बर्ड' अशी हाळी ऐकू येते. बर्ड कुठला? खराच. एकोणिसाव्या शतकात पेटीत जिवंत कबुतर ठेवत. त्या पेटीचं नाव ट्रॅप. दोरी ओढली की पेटी उघडे. कबुतर ठरलेल्या हद्दीच्या आत पडलं तर हिशोबात, हद्दीबाहेर जाऊन पडलं तर 'लॉस्ट', मग ते मेलेलं का असेना. १९०० च्या ऑलिंपिकच्या वेळी पॅरिसमध्ये हा प्रकारही झाला आणि बेल्जियमच्या लेओं द लुंडेन याने २१ कबुतरं मारून तो जिंकला. त्याआधीच, १८८० च्या सुमारास, अमेरिकेत सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने भाजलेल्या मातीची तबकडी काढली होती. ती इतकी कडक निघाली की फुटेना. आजची तबकडी डांबरासारखी राळ आणि चुनखडीची भुकटी यांची असते. 'क्ले' फक्त नावाला.

तर मातीचा पक्षी आणि त्यावर बंदूक. आणि 'बंदूक' हा शब्द काय सांगतो ते पाहा! अरबीत बुंदुक म्हणजे हेझलनट, एक गोल कवचाचं फळ. ते ग्रीक 'पाँटिकोन' पासून, म्हणजे काळ्या समुद्राकाठच्या पाँटस प्रांतातलं फळ. त्या फळाएवढ्या मातीच्या गोळ्या वळून, वाळवून, खास धनुष्याने पक्ष्यांवर मारत. त्या गोळीलाही बुंदुकच म्हणत. मग हे नाव गोळीवरून हत्याराकडे सरकलं, दारू आल्यावर नळीच्या हत्याराला चिकटलं आणि फारसीतून आपल्याकडे आलं. म्हणजे बंदुकीचा पूर्वज मातीने पक्षी मारत होता, आणि आजची बंदूक मातीचा पक्षी फोडते. हे कळल्यावर मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

काही विद्वान अजूनही सांगतात की बंदूक शब्द व्हेनिसवरून आला, कारण अरबीत व्हेनिसला अल्-बुंदुकिय्या म्हणतात आणि तोफाबंदुका तिथून येत. ऐकायला छान. पण १२६० ते १२७७ या काळात इजिप्तवर राज्य करणाऱ्या सुलतान बैबर्सची उपाधी 'अल्-बुंदुकदारी' होती, आणि ती त्याच्या मूळ मालकाच्या 'बुंदुकदार' या हुद्द्यावरून आलेली. बुंदुकदार म्हणजे गोळीचं धनुष्य सांभाळणारा. त्या दरबारात व्हेनिसच्या बंदुका कुठून येणार? ध्वनिसाम्य दिसलं की नकाशा उघडायचा, हा आपल्याकडच्या व्युत्पत्तिकारांचा जुना रोग.

'मग मूळ मातीची गोळीच असेल, तर बातमीतली "गोळी" बरोबर!' असं म्हणणाऱ्यांनी थोडं थांबावं. गोळी एक असते, छर्रे अनेक. काडतूस म्हणा, तो शब्दही पोर्तुगीज कार्तुशवरून येऊन आपल्यात इतका मुरला आहे की कुणाला परका वाटत नाही. धनुष्याच्या दोरीला संस्कृतात गुण म्हणतात हेही जाता जाता सांगतो, म्हणजे 'स्कोअर' साठी नवा शब्द घडवायला बसलेल्यांना जरा विसावा मिळेल.

'क्ले पिजन' चं 'मातीचं कबुतर' करू नका. कबुतर गेलं आणि मातीही गेली. तबकडी म्हणा. बातमी लिहायची तर 'अमुकने ५० पैकी ४४ तबकड्या फोडल्या' एवढं पुरे.