भंडारदऱ्याजवळची सांदण दरी १५ जणांच्या ग्रुपने वरच्या साम्रद गावाहून उतरून खालच्या डेहणे गावाला जायचं आहे. काय काळजी घ्यावी?

एक गोष्ट आधी सगळ्यांना सांगून ठेवा. पहिल्या रॅपलिंगच्या (दोराच्या आधाराने कडा उतरण्याच्या) टप्प्यावरून शेवटचा माणूस उतरला आणि दोर खाली ओढला, की आल्या वाटेने परत येता येत नाही. कोणाला ताप असेल, गुडघा दुखत असेल, तर ते या टप्प्याच्या वरच कळायला हवं.

तिथपर्यंतची वाट सोपी आणि फार देखणी आहे. दोन्ही बाजूंना बेसॉल्टचे उभे कडे, मधे जेमतेम घळ, वाटेत पाण्याचे डोह. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर डोहांत बरंच पाणी असतं, उन्हाळ्याकडे ते उतरतं. पुष्कळ लोक एवढंच बघून माघारी फिरतात. घरच्यांना घेऊन जाणार असाल तर तेवढं पुरे.

पुढचा वेळ खातो तो दोर. पहिला टप्पा साधारण ४५ फुटांचा. हार्नेस (दोराला अडकवायचा कंबर-मांड्यांचा पट्टा) तपासायचा, उतरायचं, खाली सुटं व्हायचं, यात नवख्याला सहज १० मिनिटं लागतात. म्हणजे १५ जणांचे अडीच तास एकाच टप्प्यावर, आणि असे टप्पे पुढेही आहेत! म्हणून माझं ऐकाल तर १० जणच न्या, किंवा शेजारी दुसरा दोर लावता येईल इतकी अनुभवी माणसं सोबत घ्या. घाबरणाऱ्याला शेवटी ठेवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर उतरवा, कारण तासभर वर उभं राहून बघत बसलं की भीती वाढत जाते. सगळ्यात आधी आणि सगळ्यात शेवटी मात्र जाणताच हवा.

खाली प्रचंड शिळांचा खच आहे आणि मोबाइलला रेंज मिळेल असं धरून चालू नका. पाय मुरगळला तर माणसाला खांद्यावर घेऊनच बाहेर काढावं लागतं. हेल्मेट सगळ्यांना, अख्खा वेळ. अवकाळी पावसाचा अंदाज असेल तर बेत सरळ रद्द करा, कारण पठारावर पडलेलं पाणी याच घळीत उतरतं आणि कडे चढून वर निसटायला जागा नाही.

साम्रदचा एखादा माहीतगार गावकरी नक्की सोबत घ्या. डेहण्याहून आसनगाव स्टेशन गाठता येतं. गाड्या साम्रदला असतील तर करोली घाटाने पुन्हा वर चढावं लागेल. ती चढण त्याच संध्याकाळी नको, खाली मुक्काम करून पहाटे निघा.